गावाचे दगडी दप्तर
(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, त्याबद्दल मी समितीचा आभारी आहे. मी कोणी विद्वान नाही. शालान्त परीक्षा पास झालो आणि तहसील कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. वीस वर्षे झाली, जुन्या कागदांचे बस्ते सोडतो आहे आणि बांधतो आहे. देवाची महती सांगण्याचा अधिकार कीर्तनकार बुवांचा. त्यांनी ती काल रात्री सांगितली आणि आपण सर्वांनी तृप्त मनाने ऐकली. मला अधिकार आहे तो फक्त दप्तराविषयी बोलण्याचा. म्हणून आज मी देवळाविषयी बोलणार आहे ते दप्तर म्हणूनच.

आमच्या कचेरीत दोन शब्द फार महत्त्वाचे असतात : अस्सल आणि नक्कल. नक्कल हरवली तर अर्ज करा, फी भरा, दुसरी मिळते. अस्सल गेले तर कोणाच्याही सहीने ते परत येत नाही. शेताचा वाद असो, वहिवाटीचा असो, नाहीतर निस्तारपत्रकातल्या गुरचरणीचा असो, शेवटी साहेब विचारतात, “मूळ कागद कुठे आहे?” मूळ कागद असला की भांडण अर्ध्या तासात मिटते. नसला की दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

आता आपल्या देवळाकडे पाहा. जुनी भिंत उतरवली तेव्हा निघालेले दगड दक्षिणेच्या अंगाला लिंबाखाली रचून ठेवले आहेत. मी मोजले, ते सतरा आहेत. तिघांवर कोरीव काम आहे. एकावर घोडेस्वार आणि खाली पडलेला माणूस आहे. आणि एका दगडावर, तेलाशेंदराच्या पुटाखाली, चार ओळी अक्षरे आहेत. आवारभिंतीच्या पायात भर म्हणून हे दगड वापरावे, असा विचार चालू असल्याचे माझ्या कानावर आले. विचार करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. दगड विकत आणायचा तर ट्रॉलीला पैसे पडतात, आणि समितीने पै पै जपून खर्च केली आहे हे मी जाणतो. परंतु त्या चार ओळी हे आपल्या गावाचे अस्सल आहे, आणि त्याची नक्कल अजून कोणी काढलेली नाही. एवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे.

कोणी म्हणेल, चार ओळींत असे काय असणार? याचे उत्तर मी आपल्याच जिल्ह्यातून देतो.

पुसद भागात डोंगरगाव म्हणून गाव आहे. तिथल्या शिवालयात एक शिलालेख मिळाला. भाषा संस्कृत, लिपी नागरी, शक १०३४ म्हणजे इसवी सन १११२. आपण जुने दगडी देऊळ दिसले की सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री पंडित यादव राजांच्या पदरी होते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे डोंगरगावचा लेख हेमाडपंतांच्या दीडशे वर्षे आधीचा. दगडावर शक कोरलेला होता म्हणून हे कळले. नाहीतर आपण त्यालाही हेमाडपंती म्हणून मोकळे झालो असतो.

तो लेख सांगतो की जगद्देव नावाच्या परमार राजपुरुषाने ‘डोंगरग्राम’ हे गाव एका ब्राह्मणाला दान दिले. मंडळी, नऊशेहून अधिक वर्षे झाली. राज्ये किती आली आणि गेली! यादव गेले, बहमनी गेले, इमादशाही, निजाम, भोसले, इंग्रज, सगळे गेले. डोंगरग्रामचे डोंगरगाव एवढाच काय तो फरक पडला. आमच्या गाव नमुन्यात आज जे नाव आहे तेच नाव त्या दगडावर आहे.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. धारानगरीचा राजा भोज आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या गोष्टी आपण आजीच्या मांडीवर ऐकल्या. हा भोज अकराव्या शतकाच्या मध्यास वारला, माळव्यावर शत्रू तुटून पडले आणि नंतर उदयादित्य नावाच्या राजाने राज्य सावरले. हा उदयादित्य भोजाचा नेमका कोण, याविषयी इतिहासकारांत वाद होता. नागपूरच्या संग्रहालयातील शिलालेखात त्याला भोजाचा ‘बंधु’ म्हटले आहे. परंतु संस्कृतात बंधु म्हणजे कोणीही नातलग होऊ शकतो. डोंगरगावच्या दगडाने स्पष्ट सांगितले की उदयादित्य हा भोजाचा भाऊ, आणि तीन शत्रूंच्या कचाट्यात बुडालेली माळव्याची भूमी त्याने वर काढली. जगद्देव हा त्या उदयादित्याचा मुलगा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा लेख वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या मोठ्या ग्रंथमालेच्या २६ व्या खंडात छापला. माळव्याच्या राजघराण्यातील नाते ठरवायला साक्ष निघाली ती पुसदकडच्या एका खेड्यातून!

आणखी एक साक्ष पैनगंगेच्या पलीकडची आहे. आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या तेलंगणात, जैनद गाव आहे. तिथेही जगद्देवाच्या काळचा शिलालेख आहे आणि त्यात भोजाला जगद्देवाचा चुलता म्हटले आहे. म्हणजे दोन दगड, दोन गावांतले, आणि दोघांची जबानी एकमेकांशी जुळली. पंचनाम्यात दोन पंच लागतात ते याचसाठी. माझ्या मायबहिणींनी या जैनदच्या लेखातील एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथले सूर्याचे देऊळ बांधले ते लोलार्क नावाच्या अधिकाऱ्याची पत्नी पद्मावती हिने. राजे-महाराजांच्या राण्यांचीही नावे पुसली गेली. पण एका अधिकाऱ्याच्या बायकोचे नाव नऊ शतके टिकले, कारण ते देवळाच्या दगडावर होते.

हे दगड आपणहून बोलत नाहीत. कोणीतरी जाऊन त्यांच्यापुढे बसावे लागते. आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की असे बसणारे लोक इथेच निपजले. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे हे व्यवसायाने वकील. पक्षकार, कोर्ट, तारखा हे सांभाळून त्यांनी जुन्या पोथ्या, ताम्रपट आणि शिलालेख यांचा ध्यास घेतला. यवतमाळला ‘शारदाश्रम’ ही इतिहास संशोधनाची संस्था उभी राहिली. गेल्या शतकात, तिसाच्या दशकात, ‘शारदाश्रम वार्षिक’ छापून निघत असे. पुण्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, हे पुष्कळांना माहीत असते. राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळ्याला त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले, हेही काहींना माहीत असते. परंतु आपल्या यवतमाळातही तसेच काम झाले, हे आपल्या शाळकरी मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

देशपांड्यांनी विशेष काम केले ते महानुभाव वाङ्मयाचे. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे क्षेत्र. मराठीतील पहिला गद्य ग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ या पंथाचे. पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या, फडक्यात गुंडाळून मठामठांत ठेवलेल्या. कितीएक शतके बाहेरच्या माणसाला त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस काही महंतांनी विश्वासाने त्या उघडून दाखवल्या, आणि काही अभ्यासकांनी त्या विश्वासाला जागून वाचल्या. देशपांड्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे पुस्तक १९२५ साली यवतमाळातून बाहेर पडले. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. पोथी सांभाळणारा मठपती आणि पोथी वाचणारा अभ्यासक, या दोघांचे हात लागले तेव्हा हे घडले. यांपैकी पहिला हात नेहमी गावकऱ्याचा असतो. तो हात चुकला तर दुसऱ्याला करायला काही उरतच नाही.

अमरावती जिल्ह्यातीलच चमक या गावाची हकीकत ऐका. अचलपूरजवळच्या या गावी सुमारे १८६८ साली वावर नांगरताना ताम्रपट सापडले. ते निघाले वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे, म्हणजे पाचव्या शतकातले. त्यात ‘चर्मांक’ नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. चर्मांक म्हणजेच आजचे चमक. मला कारकुनाला त्यात सर्वांत नवल वाटले ते अटींचे. राजाने लिहून ठेवले आहे की दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. तसे केले तर दान परत घेतले जाईल आणि राजाकडे चोरीचा दोष येणार नाही. आमच्या कचेरीत भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनीला शर्ती असतात, आणि शर्तभंग झाला की नोटीस निघते. लोकांना वाटते हे सगळे इंग्रजांनी आणले. मंडळी, आपल्या वऱ्हाडात शर्तीवर जमीन देण्याचा लेखी कागद दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो एका शेतकऱ्याच्या नांगराला लागला. त्याने तो तांब्याच्या भावाने मोडीत घातला असता, तर आज आपल्याला काय कळले असते?

मोडीत घालणारेही असतात. कामानिमित्त मी तालुक्यात हिंडतो. एका गावी, नाव घेत नाही, नदीच्या घाटावर बाया एका सपाट दगडावर धुणे आपटत होत्या. दगडाच्या कडेला अक्षरांची वेलांटी दिसली. मी वाकून पाहू लागलो तर एक म्हातारे बाबा म्हणाले, “काय पाहून राह्यले बाबू? हा गोटा देवळातून आणला आमच्या बाबानं. पयले त्याच्यावर लय लिवलेलं व्हतं.” पहिले होते! साबण आणि मोगरी यांनी जे पुसले ते वाचायला आता कोणता पंडित आणावा?

घाटावरच्या त्या बायांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपल्याला मात्र आज सांगितले गेले आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक.

आता प्रत्यक्ष काय करावे ते माझ्या पद्धतीने सांगतो. दगडांचा पंचनामा करा. हसू नका, खरेच करा. प्रत्येक दगडाला क्रमांक द्या. पण रंगाने दगडावर लिहू नका, चिठ्ठी बांधा. लांबी, रुंदी, जाडी फूट-इंचात लिहा. तो कोणत्या भिंतीतून, कोणत्या बाजूने निघाला ते लिहा, कारण भिंत उतरवणारे गवंडी आज गावात आहेत, उद्या दुसऱ्या कामावर जातील. कोरीव काम असेल तर जसे दिसते तसे लिहा. घोडेस्वाराचा जो दगड आहे तसल्याला वीरगळ म्हणतात. बहुधा खालच्या कप्प्यात लढाई आणि मरण असते, मधल्यात अप्सरा त्या वीराला नेतात, वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर सूर्य-चंद्र असतात. गावची गुरे सोडवताना किंवा गाव राखताना मेलेल्यांचे असे दगड महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. आपला तो घोडेस्वार कोणाचा तरी मुलगा होता. त्याला पायाच्या भरीत पालथा घालू नका.

अक्षरांच्या दगडाला छिन्नी, तारेचा ब्रश, आम्ल यांपैकी काही लावू नका. शेंदूर काढण्याचे काम जाणकारांवर सोडा. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हे तिरपी पडतात तेव्हा बाजूने फोटो घ्या. अक्षरे सावलीने उठून दिसतात. आता प्रत्येक तरुणाच्या खिशात मोबाईल आहे, तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही. अभ्यासक लोक ओला कागद दगडावर ठोकून शाईने ठसा घेतात, ते त्यांनाच करू द्यावे. फोटोंसह एक साधा अर्ज राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाकडे पाठवा, एक प्रत तहसीलदार साहेबांकडे द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे मी अनुभवाने सांगतो.

गावाची जुनी कागदपत्रे शोधायची झाली तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. आपला जिल्हा १९०५ पूर्वी यवतमाळ नावाने नव्हता. त्याला वणी, इंग्रजी कागदांत वून, जिल्हा म्हणत. आणि पुसद तालुका त्याच वर्षी जुन्या वाशिम जिल्ह्यातून इकडे आला. जो फक्त ‘यवतमाळ’ या नावाखाली शोधील त्याच्या हाती काही लागणार नाही.

देवळाचा जो जुना भाग आपण ठेवला आहे, त्याला सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट लावण्यापूर्वीही विचार करावा. जुने दगडकाम किंवा चुन्याचे काम आतला ओलावा बाहेर टाकते. सिमेंटचे घट्ट पूट तो ओलावा आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात. चुन्यात गूळ, बेलफळ घालून मळणारे कारागीर पूर्वी गावोगाव होते. आज ते थोडे उरले, पण शोधले तर सापडतात.

काहींच्या मनात भीती आहे, तीही बोलून दाखवतो. एक भीती अशी की कळवले तर सरकार देऊळ ताब्यात घेईल. सरळ सांगतो : स्मारक संरक्षित जाहीर झाले तर १९६० च्या राज्य कायद्याने परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही, आणि परवानगीला वेळ लागतो हे खरे आहे. परंतु दगडाची माहिती कळवली म्हणून देऊळ लगेच संरक्षित होत नाही. त्याला रीतसर अधिसूचना लागते. दुसरी भीती गुप्तधनाची. पाया खणताना नाणी, दागिने असे काही निघाले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावे लागते. कळवणाऱ्याचे नुकसान होत नाही. कायद्याने त्याचा हिस्सा ठरवलेला आहे, आणि सरकारने माल घेतला तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देण्याची तरतूद आहे. जो लपवतो तो हिस्सा गमावतो आणि वर शिक्षेला पात्र होतो. तसेच जुनी मूर्ती कोणी गोड बोलून विकत मागू लागला तर सावध राहावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि अशी मूर्ती खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही.

वडीलधारी मंडळी म्हणतात, भग्न मूर्ती देवळात ठेवू नये, तिचे विसर्जन करावे. पूजेत ठेवू नये हे मलाही मान्य. तिला गाभाऱ्याबाहेर, आवारातच एका ओट्यावर, वर पत्र्याची सावली करून उभी करावी. तिला हळदकुंकू, तेल काही नको. आपण म्हातारपणी काम सुटलेल्या बैलाला कसायाला देत नाही, गोठ्यात बांधतो. तेवढी माया या दगडांनाही द्यावी.

शेवटी दात्यांना एक विनंती. सभामंडपात संगमरवराची पाटी लागणार आहे. तीवर आपली नावे येतील आणि ती यावीतच. कोणी एक्कावन्न हजार दिले, कोणी एक पोते सिमेंट दिले, मोलमजुरी करणाऱ्या माउलीने एक दिवसाची मजुरी दिली. सर्वांची नोंद राहिली पाहिजे. पण विचार करा. त्या चार ओळींतही बहुधा असेच कोणाचे तरी नाव असेल. त्यानेही आपल्यासारखेच घरातले काढून देवाला दिले, आणि पुढच्यांनी ते नाव जपावे या भरवशावर दगडावर कोरून घेतले. त्याच्या नावावर आपण गिलावा फिरवला, तर आपल्या पाटीवर उद्या कोणी हातोडा घालणार नाही याची हमी कोण देईल? जुन्या दात्याची पाटी सांभाळली तरच नव्या पाटीला अर्थ आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. सतराही दगड आवारभिंतीच्या पायातून वगळावे आणि लिंबाखाली दहा बाय सहाचा ओटा बांधावा. पहिल्या शंभर विटा माझ्याकडून. शाळेतल्या गुरुजींनी सातवीच्या मुलांना घेऊन येत्या रविवारी दगडांची मोजणी करावी. मी नमुना आखून आणतो. आणि त्या मोजणीचा तक्ता याच स्मरणिकेत, दात्यांच्या यादीशेजारी छापावा. स्मरणिकेच्या दोन प्रती तालुक्याच्या वाचनालयात आणि एक नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात पाठवाव्या. ते संग्रहालय १८६३ पासून आहे. आपल्या घरच्या माळ्यापेक्षा तिथे कागद अधिक टिकेल.

जेवणाची वेळ झाली आहे, पंगती खोळंबल्या आहेत. महाप्रसादानंतर समितीची बैठक आहे, त्यात दगडांचा विषय घ्यावा अशी अध्यक्ष महाराजांना विनंती करतो आणि माझे बोलणे आटोपते घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!